जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, लिनक्स टाकू का?

टाका, लॅपटॉप भंगारात देऊ नका. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणारी मोफत प्रणाली. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तुम्ही नवखे आहात, तर लिनक्स मिंट ही त्यातली सोपी आवृत्ती घ्या. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर तपासता येतो. नौपाड्यातल्या आमच्या दुकानात प्रिंटरमधून पहिलं बिल नीट बाहेर आलं, तेव्हाच मी विंडोज पुसलं. वर्ड-एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस पुरतं. खरी मेहनत मराठी फाइलींची! श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधली पत्रं तो फॉन्ट नसला की नुसती वेडीवाकडी अक्षरं दिसतात. ती विंडोज असतानाच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या मराठीत, करून घ्या. टॅली वापरत असाल तर मात्र विंडोजही ठेवा, ती लिनक्सवर थेट चालत नाही.