मणक्याच्या गादीसाठी स्टेम सेल : पैसे परत मागता येतील का?

प्रश्न : मी 47 वर्षांचा, एसटीत चालक, राहणार सोलापूर जिल्हा. एमआरआयमध्ये मणक्याची गादी झिजल्याचं निघालं. पुण्यातल्या एका क्लिनिकची जाहिरात पाहिली, ‘ऑपरेशनशिवाय स्टेम सेलने नवी गादी’. त्यांनी कमरेच्या हाडातला मगज (त्यात स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी असतात) काढून मणक्यात इंजेक्शन दिलं. 2,85,000 रुपये घेतले. त्यातले 60,000 रोख, बिनपावती. 14 महिने झाले, दुखणं तसंच आहे. आता ते म्हणतात, ‘गॅरंटी दिली नव्हती, तुमची सही आहे.’ वर दुसरा डोस अर्ध्या पैशांत देऊ करतात. काय करू?

उत्तर : आधी एक सांगतो, दुसरा डोस घेऊ नका, आणि तो देताना ते पुढे करतील त्या कागदावर सहीही करू नका.

‘गुण आला नाही’ एवढ्यावर तुमची तक्रार टिकणार नाही. गुण येईलच असं कायदा कुठल्याच डॉक्टरकडून मागत नाही. तुमचा मुद्दा वेगळा आहे : जे अजून संशोधनात आहे ते तुम्हाला सिद्ध झालेला उपचार म्हणून विकलं गेलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांवरचं मज्जा (हाडातला मगज) प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल केवळ मान्यताप्राप्त संशोधन चाचणीतच (क्लिनिकल ट्रायलमध्येच) वापरता येतात, आणि चाचणीचा खर्च रुग्णावर टाकायचा नसतो. मणक्याची गादी त्या अपवादात बसत नाही. क्लिनिकचा वकील दोन गोष्टी म्हणेल : पेशी रुग्णाच्याच होत्या, आणि मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. दुसरी गोष्ट अंशतः खरी आहे. पण डॉक्टरने रास्त काळजी घेतली का, हे ठरवताना ग्राहक आयोगापुढे हीच तत्त्वं मोजपट्टी म्हणून ठेवता येतात.

सहीची भीती बाळगू नका. तुम्ही पाठवलेला संमतिपत्राचा फोटो मी पाहिला. सगळा मजकूर इंग्रजीत, आणि ‘प्रायोगिक’ हा शब्द तिसऱ्या पानावर बारीक टायपात. समीरा कोहली खटल्यात (2008) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय रुग्णाला समजतील असे सांगितल्यावरच संमती खरी ठरते. तुम्हाला हे मराठीत कुणी समजावलं होतं का, ते तक्रारीत स्पष्ट लिहा.

या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने संपूर्ण केसपेपरची मागणी करा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. नाही दिल्या, तर तेही आयोगापुढे मांडता येईल. बिनपावती 60,000 साठी त्या दिवशी बँकेतून काढलेल्या रकमेची नोंद आणि क्लिनिकच्या समन्वयक बाईंचा ‘बाकी कॅश आणा’ हा व्हॉट्सॲप संदेश, दोन्ही जपा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच काढा, अशी पानं नोटीस पोचताच गायब होतात.

तक्रारीसाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार राहत्या जिल्ह्याच्या आयोगातच दाखल करा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ती इंजेक्शनच्या तारखेपासून मोजा म्हणजे धोका नको. तुमच्या हातात दहा महिने आहेत. दिलेले पैसे, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, तिन्ही मागा. इथे मुद्दा साधा असला तरी शासकीय रुग्णालयातल्या अस्थिरोगतज्ज्ञाचं मत जोडलं तर बाजू पक्की होईल. एमआरआय त्यांना दाखवाच, गाडी चालवण्याबद्दलही विचारा.

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे वेगळी तक्रार करा. तिथून पैसे मिळत नाहीत, पण डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते. पोलिसांकडे धाव घेण्याचा सल्ला आत्ता देणार नाही. तडजोडीची बोलणी आली तर लेखीच करा, आणि रक्कम खात्यात जमा होईपर्यंत तक्रार मागे घेऊ नका.