'स्थानबद्ध' : कुठल्या स्थानी बद्ध?

प्रश्न असा आला आहे : सावरकर रत्नागिरीत 'स्थानबद्ध' होते आणि आणीबाणीतले विरोधकही 'स्थानबद्ध' होते. पण सावरकर तर गावात सभा घेत, देवळं उभारत. विरोधक मात्र येरवड्याच्या गजाआड. मग शब्द एकच कसा?

शंका रास्त आहे. शब्दाची फोड सोपी, स्थान + बद्ध, जागेला बांधलेला. घोळ आहे तो 'स्थान' केवढं यात. 1924 मध्ये इंग्रज सरकारने सावरकरांना सोडलं ते रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर. मुदत पाच वर्षांची होती, ती वाढत वाढत 1937 पर्यंत गेली. 1931 चं पतितपावन मंदिर याच काळातलं. इथे शब्द अगदी अक्षरशः लागू पडतो.

1975 मध्ये 'स्थान' आक्रसून कोठडीएवढं झालं. आपल्या संविधानाच्या मराठी अनुवादात 'अटक' आणि 'स्थानबद्धता' हे दोन शब्द वेगळे ठेवलेत, आणि ते बरोबरच आहे. अटक होते ती गुन्ह्याच्या आरोपावरून. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. स्थानबद्धता होते ती माणूस पुढे काही करील या संशयावरून. तिला चोवीस तासांचा हा नियम लागू नाही. विरोधकांना ज्याखाली पकडलं तो मिसा (अंतर्गत सुरक्षेचा कायदा) 1971 चाच, पण जून 1975 च्या दुरुस्तीनंतर कारण सांगण्याचंही बंधन उरलं नाही. एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चार विरुद्ध एक अशा मताने या बंद्यांना दाद मागण्याची वाट बंद केली. तो 'एक' म्हणजे न्या. हंसराज खन्ना. (2017 च्या खाजगीपणाच्या निकालात तो निर्णय मोडीत निघाला.)

'स्थानबद्ध' मला म्हणूनच जरा लबाड शब्द वाटतो. ऐकताना वाटतं, माणूस घरीच आहे, फक्त बाहेर पडत नाही. त्या अवस्थेला आपल्याकडे 'नजरकैद' हा नेमका शब्द आहे. लोकांनी मात्र सरकारी शब्द बाजूला ठेवून 'मिसाबंदी' घडवला. त्यात 'बंदी' म्हणजे कैदी, मनाई नव्हे; नव्या वाचकांची तिथे हमखास गल्लत होते.

आजही बातमी येते, 'सराईत गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध'. (एमपीडीए म्हणजे धोकादायक गुंडांना आवर घालण्याचा महाराष्ट्राचा कायदा.) तोही तुरुंगातच असतो. जिल्ह्याबाहेर काढलेला तो 'तडीपार', म्हणजे रत्नागिरीच्या नेमकं उलट.