वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : नंबरप्लेटचे कव्हर आणि गाडीचा रंग

प्रश्न : माझी गाडी गडद निळ्या मेटॅलिक रंगाची असून तिची नोंदणी २०२१ सालची आहे, त्यामुळे तिला कंपनीकडूनच उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसून आलेली आहे. नंबरप्लेटवर धूळ बसू नये म्हणून मी सामानाच्या दुकानातून पारदर्शक प्लॅस्टिकची दोन कव्हरे आणली आहेत. मधला भाग तसाच स्वच्छ ठेवून कडेची बोटभर पट्टी गाडीच्या निळ्या रंगात रंगवावी, असा विचार आहे. परदेशातील काही चित्रफितींत असे केलेले पाहिले आणि ते फार देखणे वाटले. रंग पुढून द्यावा की मागून, कोणता द्यावा आणि यात कायद्याची काही अडचण आहे का, हे सविस्तर सांगावे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या प्रश्नाचा क्रम थोडा बदलून कायद्याचा भाग आधी घेतो, कारण रंगकामाची सारी दिशा त्यावरून ठरते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० आणि ५१ यांनी नंबरप्लेटचे वर्णन इतके बारकाईने केले आहे की तिच्यावर आणखी काही बसवायला त्यात वाव उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चारचाकीसाठी ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिलिमीटर हे प्लेटचे माप, १ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, ६५ मिलिमीटर उंचीची आणि १० मिलिमीटर जाडीची अक्षरे, अशोकचक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा होलोग्राम, लेसरने कोरलेला कायमचा क्रमांक, हे सारे त्यात ठरवून दिलेले आहे. यांपैकी कोणतीही गोष्ट झाकली, अंधूक केली किंवा वाचायला अवघड केली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चित्रफितींचे म्हणाल, तर अमेरिकेतही सगळीकडे ही मोकळीक नाही. न्यूयॉर्क राज्याचा कायदा नंबरप्लेटवर काच किंवा प्लॅस्टिक बसवू देत नाही आणि कॅलिफोर्नियातही अशा कव्हरांना मनाई आहे.

दंडाची रक्कम फार मोठी नाही, म्हणून कुणी हा मुद्दा सोडून देईल. मला मात्र त्यामागचे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या प्लेटचा पांढरा पृष्ठभाग साधा रंगवलेला नसतो. त्यावर परावर्तक थर चढवलेला असतो आणि तो पडलेला प्रकाश इकडेतिकडे न फेकता जिथून आला त्याच दिशेला परत पाठवतो, म्हणून रात्री मागच्या गाडीच्या दिव्यांत आपला क्रमांक दुरूनही उजळून दिसतो. गुळगुळीत प्लॅस्टिक आरशासारखे वागते. काही कोनांतून प्रकाशाची तिरीप थेट समोरच्याच्या डोळ्यांत जाते आणि क्रमांक त्या चकाकीत हरवतो. गाडी नवी असते तोवर हे जाणवत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या गाडीचे असे कव्हर मी दोन पावसाळ्यांनंतर स्वतः स्क्रू काढून उतरवले, तेव्हा आतल्या बाजूला हिरवट शेवाळाची रेघ धरली होती, खालच्या कोपऱ्यात मातीचा चिखल वाळून बसला होता आणि पाणी साचून राहिल्याने होलोग्रामची कड सुटू लागली होती. ज्या धुळीपासून प्लेट वाचवायची, तीच धूळ कव्हर आत कोंडून ठेवते. उघडी प्लेट गाडी धुताना फडक्याच्या एका हाताने स्वच्छ होते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की आपण कव्हराची कल्पना सोडावी, पण रंगाची सोडू नये. आपल्याला जे देखणेपण हवे आहे ते मधल्या पारदर्शक भागात नसून भोवतीच्या निळ्या चौकटीत आहे, आणि ती चौकट प्लेटला स्पर्शही न करता तिच्याभोवती बसवता येते. नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात ३ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक ॲक्रिलिकची चौकट लेसरवर कापून मिळते. ५०० बाय १२० च्या प्लेटसाठी आतली मोकळी जागा ५०६ बाय १२६ आणि बाहेरचे माप ५४० बाय १६० ठेवले, तर चारही बाजूंना १७ मिलिमीटर रुंदीची पट्टी मिळते आणि प्लेटभोवती ३ मिलिमीटरची फट राहते. बंपरवरची प्लेटची बैठक आधी मोजून पाहावी, कारण काही गाड्यांत ती प्लेटपेक्षा जेमतेम मोठी असते आणि काहींत बंपरला बाक असतो. तिथे हट्ट करू नये. मागच्या बाजूला प्लेटवर उजेड टाकणारा दिवा आणि रिव्हर्स कॅमेरा यांच्या आड चौकट येता कामा नये. मागची प्लेट रात्री १५ मीटर अंतरावरून वाचता आली पाहिजे, असे नियम १०५ सांगतो. मूळ प्लेट मात्र अजिबात सोडवू नये, कारण तिला गाडीवर पक्के धरणारे स्नॅप लॉक एकदा काढले की पुन्हा वापरता येत नाहीत.

आता रंगकाम. पारदर्शक ॲक्रिलिकचे खरे सौंदर्य त्याला मागून रंगवण्यात आहे. रंग मागे असला की पुढचा चकचकीत पृष्ठभाग जसाच्या तसा राहतो, गाडी धुताना रंगावर ओरखडा उठत नाही आणि ३ मिलिमीटरच्या जाडीतून पाहिल्यामुळे त्या निळ्याला काचेसारखी खोली येते. पण मागून रंगवताना थरांचा क्रम उलटा होतो, हे नीट ध्यानात घ्यावे. गाडीवर आधी प्रायमर म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा थर, मग मूळ रंग आणि शेवटी लॅकरचा पारदर्शक थर असा क्रम असतो. इथे मूळ रंग थेट प्लॅस्टिकवर पहिला बसतो, त्याच्यामागे उजेड आरपार जाऊ नये म्हणून काळ्या किंवा करड्या रंगाचा अपारदर्शक थर येतो आणि लॅकरची गरजच राहत नाही. मागची बाजू पॉलिश पेपरने घासू नये, कारण तिथले बारीक ओरखडे पुढून दिसण्याची भीती असते. सौम्य साबणपाण्याने पुसून, कोरडे करून, हात न लावता, पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर स्पर्शाला कोरडा झाल्यावरच पुढचा द्यावा.

मेटॅलिक रंगाच्या बाबतीत आपल्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर मन खट्टू होणार नाही. या रंगातील ॲल्युमिनियमचे बारीक कण गाडीवर ज्या बाजूने दिसतात, त्याच्या नेमक्या उलट बाजूने ते आपल्याला प्लॅस्टिकमधून दिसणार आहेत, त्यामुळे रंगाचा कोड अगदी बरोबर जुळवला तरी छटा किंचित वेगळी येते. त्यात आपली गाडी काही वर्षे उन्हात उभी राहिलेली आहे आणि डब्यातला रंग नवा असणार आहे. म्हणून दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असलेला रंगाचा कोड घेऊन दुकानदाराकडून थोडाच रंग मिसळून घ्यावा, लेसरवाल्याकडून उरलेले तुकडे मागून आणावेत आणि त्यांपैकी एक मागून, एक पुढून असे रंगवून दोन्ही सकाळच्या उन्हात बंपरला टेकवून पाहावेत. छटा तंतोतंत हवी असेल तर पुढून रंगवलेला तुकडाच जिंकेल, आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासून, प्लॅस्टिक प्रायमर, मूळ रंग आणि लॅकर असा नेहमीचाच मार्ग धरावा.

थिनरबद्दल मात्र मी आपल्याला कळकळीने बजावतो. काही वर्षांपूर्वी मी एका चौकटीवरचा चुकलेला रंग काढण्यासाठी, दुकानदाराने ‘सगळ्याला चालते’ असे सांगून दिलेले एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीचे) थिनर फडक्यावर घेऊन फिरवले. पाच मिनिटांत त्या स्वच्छ प्लॅस्टिकमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक चिरा उमटल्या आणि दुपारपर्यंत कोपरा हाताने दाबताच तुटला. कापताना किंवा वाकवताना प्लॅस्टिकमध्ये ताण अडकून राहिलेला असतो, तीव्र द्रावक त्यात शिरले की तो ताण चिरांच्या रूपाने बाहेर पडतो. पॉलिकार्बोनेट तर याबाबत आणखी नाजूक असते. ते वाकवले तरी तुटत नाही म्हणून अनेकांना भक्कम वाटते, पण त्याला त्याच्यासाठीच बनवलेले रंग लागतात, जसे रिमोटवर चालणाऱ्या छंदाच्या मोटारींची पारदर्शक बॉडी आतून रंगवणारे लोक वापरतात. आणि गॅरेजमध्ये वापरला जाणारा दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी फवारू नये. त्याच्या हार्डनरमधील, म्हणजे रंग घट्ट करणाऱ्या घटकातील, आयसोसायनेट हे रसायन फुफ्फुसांना घातक असते आणि साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. ते काम योग्य मास्क वापरणाऱ्या पेंटरकडेच द्यावे.

भर पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत लवकर सुकणाऱ्या रंगावर पांढरट झाक येते आणि मागून रंगवलेल्या चौकटीत ती कायमची दिसत राहते. रंग आठवडाभर पूर्ण वाळू द्यावा आणि मग दाराच्या पट्ट्या चिकटवण्यासाठी मिळते ती दुहेरी फोम टेप लावून चौकट बंपरवर बसवावी.

प्रश्न : मी गेल्या वर्षी नंबरप्लेटचे प्लॅस्टिक कव्हर गाडीच्या लाल रंगात रंगवून घेतले. आता रंगाचे पोपडे निघत आहेत आणि काही ठिकाणी तो प्लेटवरही उतरला आहे. काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपले कव्हर बहुधा मऊसर पॉलिप्रॉपिलीनचे असावे. या प्लॅस्टिकला रंग मुळात धरूनच राहत नाही. कव्हरावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो पसरण्याऐवजी मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळला तर माझा अंदाज बरोबर समजावा. अशा पृष्ठभागावर आधी त्यासाठीचा प्लॅस्टिक प्रायमर लागतो आणि तो दिला नसेल तर वर कितीही चांगला रंग दिला तरी तो सुटतोच. आता ते पुन्हा रंगवण्याच्या फंदात न पडता उतरवून टाकावे, त्याची कारणे वरच्या उत्तरात आली आहेत.

प्लेटवर उतरलेला रंग काढताना घाई करू नये. थिनर, पेट्रोल किंवा तारेची घासणी यांपैकी काहीही प्लेटला लावू नये, कारण त्याने परावर्तक थर आणि अक्षरांवरची ‘इंडिया’ असे तिरपे छापलेली काळी पट्टी दोन्ही खराब होतात. कोमट साबणपाण्यात भिजवलेले मऊ फडके अर्धा तास प्लेटवर ठेवावे आणि मग नखाने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने पोपडे अलगद उचलावेत. त्यानंतरही एखाद्या अक्षरावर किंवा होलोग्रामवर डाग राहिला, तर अधिकृत पुरवठादाराकडे प्लेट बदलून मागावी. ती खर्चिक वाटली तरी रंगाच्या डब्याने डागडुजी करण्यापेक्षा तेच योग्य आहे.

प्रश्न : कव्हराऐवजी नंबरप्लेटची पार्श्वभूमीच गाडीच्या रंगाची करून घेतली तर?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : हे मुळीच करू नये. प्लेटचा रंग ही शोभेची बाब नसून वाहनाचा प्रकार सांगणारी खूण आहे. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरे, टॅक्सीसारख्या व्यावसायिक वाहनाला पिवळ्यावर काळी, आणि विजेवर चालणाऱ्या वाहनाला हिरव्या पाटीवर, खासगी असेल तर पांढरी आणि व्यावसायिक असेल तर पिवळी अक्षरे, हे नियमाने ठरलेले आहे. आपल्या आवडीचा रंग प्लेटच्या कडेबाहेर सुरू व्हावा आणि कडेपाशीच थांबावा.