एकसष्टीला एकटीनं सिंगापूर: लाल पेनानं खोडलेला ‘च’

“या वयात एकटीनं परदेशी जावंसं वाटतंय. माझं काही चुकतंय का?” समुपदेशक म्हणून साठीच्या आसपासच्या बायकांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते.

बाई वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन चार वर्षं झालेली. मुलानं एकसष्टीसाठी हॉल बघून ठेवला होता, एकसष्ट दिव्यांनी ओवाळायचं ठरत होतं. बाईंच्या मनात मात्र सिंगापूरची बोटॅनिक गार्डन्स होती. वर्षानुवर्षं फळ्यावर ऑर्किडचं फूल काढलं, त्यातला परागकणांचा मेणचट गोळा पिवळ्या खडूनं दाखवला, पण तो सवडीनं न्याहाळायचा राहून गेला. तिथे १८६१ साली लावलेलं टायगर ऑर्किड अजून आहे, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं.

“आणि हॉलमध्ये काय खुपतंय?”

“एकसष्टीला दोघांचे पाट मांडतात, मॅडम. मी एकटी कशी बसू?”

तरी निर्णय होईना. आजारी पडले तर? वाट चुकले तर? पैसे चोरीला गेले तर? एका ‘तर’चं उत्तर मिळालं की दुसरा उभा. असं दिसलं की मी सोयीसुविधांबद्दल बोलणं थांबवते. गाठ दुसरीकडे असते.

तिसऱ्या भेटीत त्यांना वहीत लिहायला सांगितलं, का जाता येणार नाही ते. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘नातवाचा डबा मीच भरायला हवा. मुलाला वाईट वाटताच कामा नये. वाढदिवस घरच्यांतच व्हायला हवा.’

“बाई, आता हा पेपर तपासा. प्रत्येक वाक्यात एक अक्षर जास्तीचं आहे.”

त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. बराच वेळ वाक्यांकडे बघत राहिल्या. मग पहिला ‘च’ खोडला, दुसरा, तिसरा. खोडलेली वाक्यं मोठ्यानं वाचली. पहिल्या वाक्यापाशी परत आल्या आणि पेन खाली ठेवलं.

“मला तिकडची भीती नाहीच वाटत. मी नसताना इथे सगळं सुरळीत चाललं तर?”

या वाक्यासाठी तीन भेटी लागल्या. ‘घर सोडून कशी जाऊ’ या अपराधीपणाच्या पोटात बहुतेक वेळा हेच असतं: माझ्यावाचून अडलं नाही, तर माझी जागा कुठली? मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते. इच्छेचा हट्ट झाला की त्रास सुरू होतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलं. मराठीत तो हट्ट एका अक्षरात पकडता येतो, हे मला या कामात उमगलं आणि त्याचं मला समाधान आहे.

परदेशाआधी रंगीत तालीम हवी. बाई दोन रात्री एकट्या कोल्हापूरला राहिल्या. डबा वेळेवर गेला, घर चाललं. संध्याकाळी सातच्या सुमारास मात्र खोलीत रडू आलं. ही माहिती मोलाची. एकट्या प्रवासात पहिली संध्याकाळच अवघड जाते: अंधार पडतो, जेवायला एकटं बसायचं असतं आणि परतीचं तिकीट बघावंसं वाटतं. म्हणून विमान दिवसा पोहोचेल असं घ्या, पहिल्या दोन रात्रींचं हॉटेल मेट्रो स्थानकाजवळ घ्या आणि त्या संध्याकाळी कुठे जेवायचं ते घरीच ठरवून निघा.

घरच्यांना “जाऊ का?” असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर ‘नको’ येतं. बाई म्हणाल्या, “मी जातेय. तीन गोष्टींत तुझी मदत हवी.” काळजीनं अडवणाऱ्या मुलाला काम मिळालं. पहिलं, कार्ड. नव्या कार्डावर परदेशातले व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या अॅपमधून सुरू करावे लागतात. नाहीतर हॉटेलच्या काउंटरवर कार्ड नाकारलं जातं. भारतीय सिमवर रोमिंग हवं, नाहीतर ओटीपी येत नाही. दुसरं, विमा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर अर्जात लिहा. लपवलेला आजार हे दावा फेटाळण्याचं नेहमीचं कारण. तिसरं, एक कागद: विमान, हॉटेल, पॉलिसी क्रमांक, भारतीय उच्चायुक्तालयाचा फोन, सिंगापूरचे आपत्कालीन क्रमांक (रुग्णवाहिका ९९५, पोलीस ९९९).

फोन दिवसातून एकदा. आपल्याकडे रात्री आठ म्हणजे तिथे साडेदहा. फोन आला नाही तर किती वेळ थांबायचं आणि मग हॉटेलला कुणी विचारायचं, हे आधी ठरवा. दर तासाला मेसेज करू लागलात तर मन घरातच राहतं.

औषधं मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत. मुक्कामापेक्षा पाच दिवसांची जास्त. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध असेल तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी लागू शकते. आणि वाढदिवसाचे अनारसे नेऊ नका. खसखस तिथे चालत नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. आगमन कार्ड (देशात प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज) पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा.

एक अट मी घालते. घरातल्या भांडणातून निघून जाण्यासाठी हा प्रवास असेल, किंवा जोडीदार नुकताच गेला असेल, तर तिकीट काढू नका, आधी बोला.

बाई पाच रात्री राहिल्या. बाग पहाटे पाचला उघडते आणि प्रवेश मोफत आहे. ऑर्किडच्या विभागाला मात्र तिकीट लागतं. वाढदिवसाच्या दिवशी दुपारी त्यांनी मला एक फोटो पाठवला: जांभळट फूल, आणि त्याच्या मधोमध, अगदी जवळून टिपलेला, तो पिवळा मेणचट गोळा.

परत आल्यावर मुलानं ओवाळलं, घरातच, एका निरांजनानं. नातवाचा बुधवारचा डबा अजून तोच भरतो.