फोनवरचा होकार आणि कोरी चिठ्ठी

प्रश्न: मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. शाळेत टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचं) इंजेक्शन द्यायला गेले होते. पाचवीतल्या दहा वर्षांच्या एका मुलीची संमतीची चिठ्ठी सहीविनाच परत आली. टीचरनी माझ्यासमोर तिच्या आईला फोन लावला, आई "द्या" म्हणाली आणि मी डोस दिला. पाचेक मिनिटांत मुलीला चक्कर आली. आडवी करून पाय उंच ठेवले, थोड्या वेळात ती सावरली. दुसऱ्या दिवशी वडिलांची तक्रार आली की लेखी परवानगी नसताना सुई टोचली. हेल्थ ऑफिसरांनी मेमो दिलाय, तीन दिवसांत उत्तर द्यायचं आहे. एक सहकारी म्हणते, आता आईची सही घेऊन चिठ्ठी फाइलला लावून टाक. लेखी संमती घेणं सक्तीचं होतं का? माझ्यावर केस होईल का?

उत्तर: ताई, आधी त्या चिठ्ठीचं. तिला हात लावू नका. ती कोरी आहे तशीच फाइलला राहू द्या. आज घेतलेली सही त्या दिवशीची म्हणून दाखवली, तर तो खोटा दस्तऐवज होतो. आत्ता तुमच्या हातून घडलेला गुन्हा कुठलाच नाही. ती सही घेतलीत तर घडेल, आणि सोबत त्या आईलाही तुम्ही त्यात ओढाल. सहकारी मैत्रिणीने काळजीपोटीच सुचवलं असेल, पण सल्ला घातक आहे.

आता मूळ प्रश्न. संमती हवीच, त्यात तडजोड नाही. 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात स्पष्ट सांगितलं की कुणालाही सक्तीने लस देता येत नाही. आपल्या शरीरावरचा अधिकार घटनेच्या कलम 21 मध्येच येतो. पण संमती हवी म्हणजे कागदच हवा, असं नाही. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारनियमांत लेखी संमतीची अट आहे ती शस्त्रक्रियेसाठी. नेहमीच्या लसीकरणात प्रत्येक डोसला सही घ्या, असं सांगणारा कायदा नाही. कोव्हॅक्सिन 2021 च्या सुरुवातीला संमतीपत्रावर सही घेऊनच दिली जायची, पण तेव्हा ती चाचणीच्या धर्तीवर दिली जात होती म्हणून.

तुमच्या प्रकरणात मुलीचं वय महत्त्वाचं. बारा वर्षांखालच्या मुलाचा स्वतःचा होकार भारतीय न्याय संहितेच्या कलम 28 नुसार सहसा संमती धरलाच जात नाही. म्हणून "तिने आपणहून हात पुढे केला" हे वाक्य खुलाशात घालू नका, त्याने काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या बाजूने आहे ते कलम 27. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, सद्हेतूने, पालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात ते मूल कायदेशीरपणे आहे त्याच्या संमतीने केलेल्या कृतीला हे कलम संरक्षण देतं, आणि ती संमती स्पष्ट किंवा गर्भित असू शकते असे त्यात शब्दच आहेत. सहीचा उल्लेख नाही. उपकेंद्रावर आजी नातवाला घेऊन येते, आई कळंगुटला हॉटेलात ड्युटीवर असते. तिथेही याच कलमाचा आधार लागतो. मात्र पालकाने "नको" म्हटलं असेल, तर टीचरचा किंवा आजीचा होकार पुढे करता येणार नाही.

याहून जवळचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. गोवर-रुबेलाची लस शाळांतून देण्याच्या मोहिमेवरून जानेवारी 2019 मध्ये तो लागला. पालकांनी भरून दिलेलं संमतीपत्र न्यायालयाने चालवून घेतलं, तसा पालकांनी वर्गशिक्षकांना थेट कळवलेला होकारही. ज्यांनी नकार दिला त्यांच्या मुलांना लस द्यायची नाही, हेही बजावलं. आपण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाखाली येतो, त्यामुळे तो निकाल इथे बंधनकारक नाही. पण विचारात घेण्याजोगा नक्कीच आहे. खुलाशात त्याचा उल्लेख करा.

मग कच्चा दुवा कुठे आहे? आईच्या होकाराची कुठेच नोंद नाही. टीचरच्या मोबाइलमध्ये त्या कॉलची तारीख-वेळ असेल. तिचा स्क्रीनशॉट आजच मागा. कॉल किती वाजता केला, आई काय म्हणाली, एवढं टीचरकडून सहीनिशी लिहून घ्या. दुसरं, मला जास्त सलणारं: फोनवर आई नेमकं कशासाठी "द्या" म्हणाली? टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प, दंड दुखेल, थोडा ताप येऊ शकतो, एवढं तिला सांगितलं होतं का? समिरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पुरेशी माहिती दिल्याशिवाय मिळालेली संमती खरी संमती नव्हे. नुसती सही असलेली चिठ्ठीही याच कसोटीला लागते. सांगितलं असेल तर तसं लिहा. नसेल तर सांगितलं म्हणून लिहू नका.

केसचं म्हणाल तर मला मोठी भीती दिसत नाही. सुईच्या धास्तीने चक्कर येणं लसीकरणात नेहमीचं आहे. तुम्ही मुलीला लगेच आडवं केलंत, तिला इजा झाली नाही. फौजदारी निष्काळजीपणासाठी तो ढोबळ, गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, हे जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 सालीच ठरलंय. ग्राहक आयोगाचं म्हणाल तर सर्वांना मोफत मिळणारी सरकारी सेवा तिथे येत नाही. राहते ती खातेनिहाय चौकशी, आणि तिची दिशा तुमच्या मेमोच्या उत्तरावर ठरेल.

उत्तर एका पानात बसवा. चिठ्ठी सहीविना आली हे पहिल्याच ओळीत मान्य करा. मग फोन, डोसची वेळ, कुपीचा बॅच नंबर, मुदत, कुपी कधी उघडली (उघडलेली टीडीची कुपी अटी पाळून 28 दिवस चालते), चक्कर कधी आली, काय केलं, अर्धा तास बसवून ठेवलं का. लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदवहीत ही चक्कर लिहिली नसेल, तर आजच्या तारखेने, उशिराची नोंद म्हणून लिहा.

वडिलांचा राग मला चुकीचा वाटत नाही. आपल्या लेकीला चक्कर आली हे बापाला शाळेकडून त्याच दिवशी कळायला हवं होतं. हेल्थ ऑफिसरांना विचारून, त्यांच्यासोबत घरी जा. मुलीला त्रास झाला याचं वाईट वाटतं, असं म्हणण्याने कायद्यात तुमचं काही बिघडत नाही. तिथे कुठल्याही कागदावर सही मात्र करू नका, आणि आईला नवऱ्यासमोर "तुम्हीच हो म्हणाला होता ना" असं विचारू नका. तिला त्याच घरात राहायचंय.

यापुढे सही नसेल तर रजिस्टरात त्या मुलीच्या नावापुढे चार शब्द लिहीत चला: आईला फोन, वेळ, कुणी केला, काय सांगितलं. टीचरची सही बाजूला. वेळ नसेल, पालक मिळत नसतील, तर टीडी पुढच्या फेरीतही देता येते. "चिठ्ठी परत आली नाही तर होकार समजू" असं छापलेलं असेल तर ती ओळ काढायला लावा, आणि चिठ्ठी मराठी-कोकणीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात असू द्या.

चौकशी बसली आणि वकिलाची फी झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार महिलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. खुलाशाच्या दोन प्रती काढा, एक देऊन दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, आणि ती घरी ठेवा.