हँडीकॅमची एमटीएस फाइल रीमक्स करून एमपी४ केली तर क्वालिटी उतरते का? खात्री कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या जुन्या हँडीकॅममधलं घरातलं लग्न रीमक्स करून, म्हणजे आतलं चित्र-आवाज तसंच ठेवून नुसतं फाइलचं वेष्टण बदलून, एमपी४ केलंत, ३.९ जीबीची फाइल ३.७ जीबीची झाली, आणि मित्र म्हणतो की दोनशे एमबी गेले म्हणजे तेवढं चित्र गेलं. कार्ड पुसायच्या आधी विचारलंत, हे फार बरं केलंत.

मी खानापूरचा. आमच्या तालुक्यात आणि बेळगावात लग्नं, बारशी, सप्ताह शूट करतो. हीच शंका घेऊन माझ्याकडे माणसं येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोनशे एमबी गेले खरे, पण ते चित्रातले नव्हेत. भाताचं पोतं काट्यावर चढलं की बारदानाचं वजन वजा करूनच पैसे होतात, तसंच हे आहे. तुमच्या कॅमेऱ्याची एमटीएस फाइल म्हणजे १९२ बाइटांच्या पाकिटांची रास. प्रत्येक पाकिटात पहिले ४ बाइट वेळेच्या नोंदीचे, पुढचे ४ पाकिटात काय आहे ते सांगणारे, आणि उरलेल्या १८४ बाइटांत खरा माल. म्हणजे १९२ मागे ८, चार टक्क्यांहून थोडं जास्त, निव्वळ बारदान. ३.९ जीबीवर ते दीडशे-एकशे साठ एमबी होतं, आणि जागा भरायला घातलेला भराव वेगळाच. एमपी४ मध्ये ही पाकिटं नसतात. कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची एकच यादी असते. मग फाइल हलकी होणारच.

हे सगळं खरं केव्हा, तर तुम्ही खरोखर रीमक्सच केलं असेल तेव्हा. ओळखायची सोपी खूण म्हणजे वेळ. रीमक्समध्ये चित्राला हात लागत नाही, त्यामुळे फाइल कॉपी करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काम उरकतं. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला आणि पाऊण तास गेला, तर सॉफ्टवेअरने चित्र उलगडून पुन्हा दाबलंय असं समजा. आतेबहिणीच्या लग्नाची फाइल मी सुरुवातीच्या दिवसांत अशाच एका फुकटच्या कन्व्हर्टरमधून काढली होती. छोट्या पडद्यावर सगळं छान वाटलं. नंतर टीव्हीवर लावली, तर मंगळाष्टकांच्या शेवटी अक्षता पडतात तिथे तांदळाचा दाणा दिसेना, नुसते करडे चौकोन. बारीक, भरभर हलणाऱ्या गोष्टी दाबताना आधी जातात: अक्षता, गुलाल, पाऊस. मूळ फाइल मी तोवर पुसली होती. ते लग्न आता तसंच राहणार, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, फ्रेमचे ठसे जुळवा. एफएफएमपेग हे मोफत साधन आहे. त्यात 'फ्रेम-एमडी५' नावाचा आउटपुट प्रकार आहे. तो प्रत्येक फ्रेम उलगडतो आणि तिच्या पिक्सेलवरून एक ठसा काढून ओळीने लिहितो. मूळ फाइलची एक यादी काढा, एमपी४ ची दुसरी, आणि दोन्हींतला ठशांचा शेवटचा रकाना जुळवा. वेळेचे आकडे दोन्हीकडे वेगळे येऊ शकतात, ते सोडून द्या. आपल्याकडचे कॅमेरे सहसा सेकंदाला २५ फ्रेम धरतात, म्हणजे तासाभराच्या चित्राच्या ९०,००० ओळी झाल्या. त्या जुळल्या तर चित्र पिक्सेलनिशी तेच आहे. हे कॅमेरे चित्र ज्या पद्धतीने दाबतात त्या एच.२६४ च्या प्रमाणात डीकोडिंगचा, म्हणजे उलगडण्याचा, निकाल ठरलेला आहे, इथे अंदाजाला जागाच नाही. अगदी सुरुवातीची किंवा शेवटची एखादी फ्रेम कमी-जास्त दिसली तर ती कडेची गोष्ट आहे. मधल्या ओळी फरक दाखवायला लागल्या तर मात्र थांबा.

दोन चुका लोक नेहमी करतात. एक, अख्ख्या फाइलचा एमडी५ काढून तुलना करतात. तो वेगळा येणारच, कारण बारदान बदललं. दुसरी, फ्रेम न उलगडता 'कॉपी' लावूनच ठसा काढतात. एमटीएसमध्ये चित्राच्या प्रत्येक तुकड्याआधी सुरुवातीची खूण असते, एमपी४ मध्ये त्या जागी तुकड्याची लांबी लिहितात. त्यामुळे चित्र तेच असूनही ठसा जुळत नाही आणि माणूस उगीच घाबरतो.

पण मित्राची काळजी अगदीच वाया नाही. क्वालिटी जात नसली तरी रीमक्समध्ये काही गोष्टी मागे राहू शकतात. फाइलमध्ये चित्र, आवाज, सबटायटल असे वेगवेगळे धागे असतात. अनेक हँडीकॅम शूटिंगची तारीख-वेळ एका वेगळ्या सबटायटल धाग्यात ठेवतात, आणि तो धागा एमपी४ मध्ये जातच नाही. वडिलांनी कुठल्या दिवशी काय टिपलं हे पुढे कोणाला तरी हवं असेल. म्हणून जपून ठेवायची प्रत मी एमकेव्ही या दुसऱ्या फाइल-प्रकारात काढतो, त्यात तो धागा टिकतो. तसंच एफएफएमपेगला काही सांगितलं नाही, तर ते एक चित्र आणि एकच आवाज घेतं. 'मॅप शून्य' असं सांगितलं तर सगळे धागे येतात. आमच्या एका कार्यक्रमाच्या फाइलमध्ये मराठी आणि कन्नड असे दोन आवाज होते, त्यातला कन्नड असाच राहून गेला होता. मूळ फाइल होती म्हणून निभावलं.

आवाजाचं आणखी एक. या कॅमेऱ्यांचा आवाज बऱ्याचदा डॉल्बीच्या एसी-३ या प्रकारात असतो आणि कित्येक फोनना तो वाजवता येत नाही. मावशीला फाइल पाठवली, तर लगेच फोन आला, "अरे, आवाजच येईना की!" फाइल बिघडलेली नव्हती. नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीत चित्र कॉपी करा आणि फक्त आवाज एएसी या फोनवर चालणाऱ्या प्रकारात बदला, पुरे.

आणि एकच लग्न कॅमेऱ्याने दोन-तीन फाइलींत तोडलं असेल, तर प्रत्येक तुकडा वेगळा रीमक्स करून मग जोडू नका, सांध्यावर आवाज तुटतो. एमटीएस तुकडे आधी एकामागे एक जोडा आणि मग एकदाच रीमक्स करा. मंगळाष्टकांच्या मध्येच सांधा आला असेल, तर ती जागा कानाला हेडफोन लावून ऐका. तोवर कार्ड पुसू नका.