एफडी मोडून आन्सीला जाऊ का?

*वाचकाचं पत्र, थोडक्यात:*

*ताई, मी कोल्हापूरची. पुण्यात ॲनिमेशनच्या चार वर्षांच्या पदवीला आहे, आता तिसरं वर्ष चालू आहे. पहिल्या वर्षाच्या शेवटी, जून २०२४ मध्ये, मुंबईच्या मिफला (माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनच्या महोत्सवाला) गेले होते. तिथून वही भरून आणली, त्यातल्या काही पानांचे फोटो सोबत पाठवते आहे. आता येत्या जूनमध्ये फ्रान्सच्या आन्सी ॲनिमेशन महोत्सवाला जायचं मनात आहे. खर्च १,८०,००० रुपये येतो. आजीने माझ्या नावावर तीन वर्षांसाठी २,६०,००० ची एफडी केली आहे, ती नोव्हेंबरमध्ये पूर्ण होईल. पण जुलैत शेवटच्या वर्षाची फी भरायची आहे, २,१०,०००. बाबा १,२०,००० देतील, उरलेले ९०,००० एफडीतून घ्यायचं ठरलं होतं. शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी साउंड, संगीत आणि पेन डिस्प्ले (ज्यावर पेनने थेट चित्र काढता येतं तो पडदा) मिळून ७०,००० लागतील. एफडी मोडून आत्ता जावं आणि कमी पडेल ते ॲपवरून कर्ज घ्यावं, असं मैत्रीण म्हणते. बाबांना अजून काही बोललेले नाही. काय करू?*

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि वहीची पानं त्याहून जास्त वेळा पाहिली. आधी उत्तर देते, कारणं मागाहून: या जूनमध्ये जाऊ नकोस, पुढच्या जूनमध्ये जा. एफडी मोडू नकोस. ॲपच्या कर्जाचा विचार तर आजच डोक्यातून काढून टाक.

"हौस आहे, नंतर बघू" असं मला अजिबात म्हणायचं नाही. आन्सीला जाणं हा तुझ्या शिक्षणाचाच भाग आहे, असं मी मानते. १९६० पासून चालत आलेला हा महोत्सव, सोबत १९८५ पासूनचा मिफा हा ॲनिमेशनच्या धंद्याचा बाजार. बोन्लिओच्या मोठ्या सभागृहात खेळ सुरू होण्याआधी प्रेक्षक कागदाची विमानं पडद्याच्या दिशेने सोडतात, पडद्यावर ससा दिसला की सगळे मिळून "लापँ" (फ्रेंचमध्ये ससा) म्हणून ओरडतात. रात्री तळ्याकाठच्या पाकिएच्या हिरवळीवर मोठ्या पडद्यावर फुकट सिनेमे दाखवतात. अर्धवट झालेल्या फिल्म घेऊन मोठमोठी माणसं मंचावर येतात आणि काय जमलं, काय फसलं ते सांगतात. विद्यार्थ्याने हे एकदा डोळ्यांनी पाहावंच. माझा आक्षेप तारखेला आहे.

आता तुझ्या वहीकडे येते, कारण माझा सगळा सल्ला तिच्यातूनच निघतो.

एका पानावर तू लिहिलं आहेस की एका फिल्ममध्ये म्हातारी बाई घोंगडी घडी करते आणि ती घडी अकरा सेकंद चालते. खाली कंसात लिहिलं आहेस, "वर्गात मला तीन सेकंदांत उरकायला सांगितलं असतं." दुसऱ्या पानावर तू पडद्याकडे पाहिलंच नाहीस, प्रेक्षकांकडे पाहिलंस. कुठल्या फिल्मच्या कितव्या मिनिटाला पुढच्या रांगेतल्या मोबाइलचे उजेड दिसायला लागले, त्याची नोंद आहे: २:४०, ३:१०, ४:०५. आणि त्याखाली एकच ओळ: "माझी पुराची फिल्म पाच मिनिटांची कशाला?"

२०१९ च्या पंचगंगेच्या पुरात गच्चीवर शेळीला धरून बसलेली आजी, हीच ना ती फिल्म? मग तुझ्याच नोंदीचा पैशांत हिशेब करून दाखवते. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमवर धरलंस तर सेकंदाला १२ चित्रं. पाच मिनिटांची ३,६०० होतात, तीन मिनिटांची २,१६०. रफ, क्लीनअप आणि रंग मिळून तू दिवसाला वीस चित्रं काढतेस असं धर. पाच मिनिटांना १८० दिवस लागतील, तीन मिनिटांना १०८. त्या वाचलेल्या ७२ दिवसांत तुझी छोटी कामं चालू राहतील, शिवाय साउंडला वेळ मिळेल. मुंबईच्या त्या खुर्चीत बसून जे शिकलीस त्याने तुझे अडीच महिने वाचवले. हे शिक्षण तुला लोकलच्या भाड्यात मिळालं. आन्सीतही असंच मिळेल, पण ते वापरायला हातात काम लागतं. आत्ता तुझ्याकडे ॲनिमॅटिकही (कच्च्या चित्रांवर वेळ बसवलेला फिल्मचा आराखडा) पूर्ण नाही, असं तूच लिहितेस.

वहीतलं तिसरं पान मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. चहाच्या वेळी एका दिग्दर्शकाने तुला विचारलं, "तुझं काय आहे दाखवायला?" आणि तू मोबाइलवर कॉलेजच्या असाइनमेंट दाखवल्यास. त्यांनी नीट पाहिल्या, चांगलं बोलले आणि पुढे गेले. तू लिहिलंस, "पुढच्या वेळी यांना काहीतरी संपलेलं दाखवायचं." हा धडा मिफमध्ये, पेडर रोडवर मिळाला. तोच पुन्हा शिकायला १,८०,००० का घालायचे? आन्सीत हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येईल. पुढच्या जूनमध्ये तुझ्या लॅपटॉपवर पुराची फिल्म असेल, तेव्हा तीच दहा संभाषणं वेगळी होतील.

आता रोख हिशेब. आत्ता गेलीस तर एफडीतले ८०,००० उरतात आणि पुढे फी व फिल्म मिळून १,६०,००० लागतात. म्हणजे ठेवीचं व्याज सोडलं तर ८०,००० चा खड्डा. तो जुलैत अर्धवट आणि जानेवारीत पूर्ण उघडा पडेल, आणि जानेवारीतला खड्डा फिल्मच्या साउंडवर पडेल. प्रत्येक विद्यार्थी तिथेच हात आखडतो, आणि प्रेक्षकाला तीच कसर आधी कळते. पुराच्या पाण्याचा आवाज आणि गच्चीवरची ती शांतता नसेल तर ३,६०० काय नि २,१६० काय, सगळी चित्रं मुकी राहतील. ॲपवरची कर्जं वर्षाला ३० टक्क्यांच्या पुढे सहज जातात, क्रेडिट कार्डची थकबाकी ४० टक्क्यांच्या आसपास. ज्याचं पक्कं उत्पन्न अजून सुरूच झालेलं नाही त्याने हा दर घेऊ नये. यावर मी जास्त बोलत नाही.

जुलैच्या फीसाठीसुद्धा एफडी मोडायची गरज नाही. बहुतेक बँका ठेवीवरच कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट देतात, ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने. तुझी ठेव सात टक्क्यांची आहे, तर आठ टक्के धर. ९०,००० रुपये चार महिन्यांसाठी घेतलेस की व्याज होतं २,४००. जुलैत ठेव मोडलीस तर पावणेतीन वर्षांच्या आसपासच्या व्याजातून एक टक्का दंड कापला जाईल, तोच सात हजारांच्या घरात जातो. बँकेचा नेमका नियम विचारून घे, पण फरक एवढा आहे की विचारायला जाणं परवडतं. नोव्हेंबरमध्ये ठेव पिकली की कर्ज फेडून, ठेवीचं व्याज न धरताही, तुझ्या हातात १,६७,६०० राहतात. त्यातले ७०,००० फिल्मसाठी वेगळ्या खात्यात टाक. त्या खात्याला एटीएम कार्ड घेऊच नकोस. उरतात लाखाच्या थोडे आत.

(ठेव सहकारी बँकेत आहे म्हणून काळजी वाटत होती ना? एका बँकेत एका व्यक्तीची पाच लाखांपर्यंतची ठेव, व्याजासह, विम्याच्या कक्षेत येते. तू त्याच्या आत आहेस.)

आता आन्सीचे पैसे. तू लग्नपत्रिकांचे ॲनिमेटेड व्हिडिओ करून महिन्याला सहा-सात हजार मिळवतेस, हे तू पत्राच्या शेवटी असंच जाता जाता लिहिलंस. खरा मुद्दा तर त्या ताज्या कलमातच आहे! फेब्रुवारीपासून पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत सोळा महिने आहेत. दरमहा ५,००० आवर्ती ठेवीत टाकलेस तर मुद्दलच ८०,००० होतं. एसआयपी करू का असं विचारलंस, तर नाही. सोळा महिन्यांनी नक्की लागणारे पैसे शेअर बाजाराच्या लहरीवर ठेवायचे नसतात.

तुझा १,८०,००० चा अंदाज चोख आहे, पण एकटीचा आहे. सहा रात्रींच्या मुक्कामाला ४५,००० धरलेस. जूनमध्ये आन्सी महागच असतं, तळ्याकाठचं पर्यटनाचं गाव ते. वर्गातले अजून तिघं जाऊ म्हणतात ना? चौघांनी मिळून एक घर सहा महिने आधी धरलं तर त्यात वीसेक हजार वाचू शकतात. रोज हॉटेलात जेवायचं नाही, दुकानातून ब्रेड, चीज, फळं आणायची, खोलीवर पोहे करायचे. त्यात दहा हजार. तिकीट लवकर काढून आणखी दहा. जिनिव्हाला उतर, तिथून आन्सी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, बस मिळते. विमान स्वित्झर्लंडमध्ये उतरलं तरी मुक्काम फ्रान्समध्ये आहे, म्हणून शेंगेन व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडेच करायचा. फी ९० युरो, म्हणजे सेवा शुल्क सोडून नऊ हजारांच्या वर. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. तू मार्चमध्येच कर. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नकोस, त्यासाठी दोन हजार जास्त गेले तरी जाऊ देत. तिथे कार्ड मशीनने रुपये की युरो असं विचारलं तर नेहमी युरो निवड. रुपये निवडलेस की त्यांचा दर लागतो, आणि तो तुझ्या बाजूचा नसतो.

एवढं केलंस तर खर्च १,४०,००० वर येतो. आवर्ती ठेवीचे ८०,००० आणि उरलेल्या लाखातले ६०,०००. तरीही चाळीसेक हजार शिल्लक राहतात, आणि या चाळीस हजारांचं मोल मी विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त मानते. माझ्याकडे येणाऱ्या ॲनिमेटर मुलामुलींचे हिशेब मी बघत आले आहे. पदवीनंतरचे पहिले काही महिने पैसे एकसारखे येत नाहीत. काम मिळतं, बिल दिलं जातं, पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात. त्या काळात पुण्यात कॉट बेसिसवर राहायला आणि डब्याला तीन-चार महिने पुरतील एवढे पैसे हातात असले की माणूस पहिलंच मिळेल ते कंत्राट घाईने धरत नाही. हातात काहीच नसलं की धरतोच. चांगली फिल्म केलेली मुलं अशीच दोन-दोन वर्षं नको त्या कामात अडकलेली मी पाहिली आहेत, आणि तुझ्या बाबतीत ते होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कॉलेजने गट म्हणून दौरा काढला तर गोष्ट थोडी बदलते. शैक्षणिक कर्जात अभ्यासदौऱ्याचा खर्च बऱ्याच बँका धरतात, पण तो अभ्यासक्रमाचा भाग असल्याचं कॉलेजचं पत्र लागतं. तुम्ही चौघांनी विभागप्रमुखांना आत्ताच भेटून तसा अर्ज द्या. नाही म्हणाले तरी नुकसान काही नाही. आणि जाशील तेव्हा विद्यार्थी म्हणूनच प्रवेशिका काढ. ओळखपत्राची मुदत जूनच्या पुढेपर्यंत आहे ना, ते कार्यालयातून बघून ठेव.

फिल्म मेमध्ये संपली तर त्याच जूनच्या आन्सीत ती स्पर्धेत नसेल, कारण स्पर्धेला फिल्म पाठवायची मुदत कित्येक महिने आधी संपते. त्याने नाराज होऊ नकोस. लॅपटॉपवरची फिल्म माणसांना दाखवता येते, आणि स्पर्धेला ती त्यापुढच्या वर्षी पाठवता येते. इंग्रजी सबटायटल्स आणि ठिकठिकाणच्या महोत्सवांचं प्रवेशशुल्क यासाठी त्या ७०,००० मधून पाच-सात हजार आधीच बाजूला काढ. पेन डिस्प्ले वापरलेला घेतलास तर ते सहज निघतील. मिफमध्येही ॲनिमेशनला जागा असते. पुराची ती गच्ची पहिल्यांदा मुंबईत दाखवली गेली तर आजीलाही येता येईल, ते वेगळंच.

एक गोष्ट तुला माहीत असेलच, पण बाबांशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. २०२५ मध्ये आन्सीत कमिशन्ड फिल्मसाठीचा ज्युरी पुरस्कार मुंबईच्या सुरेश एरियत यांच्या 'देसी ऊन'ला मिळाला. दख्खनी मेंढीच्या लोकरीवरची फिल्म, लोकरीतूनच बनवलेली. ज्या घोंगडीला आपल्याकडे कुणी विचारत नाही तिची गोष्ट तिथवर पोहोचली, तीही कुणीतरी मागणी देऊन करून घेतलेल्या कामातून. बाबांना "फ्रान्सला जायचंय" एवढंच सांगितलंस तर त्यांना सहल दिसेल. त्याऐवजी आधी अकरा सेकंदांचं ते पान दाखव, मग मोबाइलच्या उजेडाचं, मग हा हिशेब. ९०,००० साठी ठेव मोडायची नाही, तिच्यावर कर्ज काढायचं, हे त्यांना सोबत घेऊन बँकेत जा आणि मॅनेजरकडून समजून घ्या.

बँकेत ठेव मोडण्याचा अर्ज आधीच देऊन ठेवला असशील, तर सोमवारी पहिल्यांदा तो परत घे. आणि फेब्रुवारीचा पहिला हप्ता भरलास की मला कळव.